साच्यातच झिजलेली अक्षरे

१९८५ साली लंडनमध्ये रंगमंचावर आलेल्या ‘ले मिझेराब्ल’ या संगीतनाटकाचे पोस्टर जगभर ओळखले जाते. त्यावर एमिल बायार यांच्या रेखाचित्रातली कथेतली छोटी मुलगी कोझेत आहे आणि नाटकाचे नाव आहे कडा खडबडीत झालेल्या, जागोजागी खरचटलेल्या अक्षरांत. या टंकाला कॅसलॉन अँटिक म्हणतात. लंडनचा अठराव्या शतकातला अक्षरकार विल्यम कॅसलॉन याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. बर्न नॅडल यांनी तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या टाइप फाउंड्रीसाठी घडवला. तिथे तो आधी ‘फिफ्टीन्थ सेंच्युरी’ या नावाने विकला जाई. कॅसलॉनचे नाव नंतर लागले.

शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणातून ओतलेला छपाईच्या अक्षराचा खिळा वापराने झिजतो, आणि प्रत्येक खिळा आपापला झिजतो. जुनी मराठी पुस्तके वाचणाऱ्याला हे ठाऊक असते: एका ओळीत वेलांटीचे टोक तुटलेले, पुढच्याच ओळीत तीच वेलांटी धडधाकट. त्यात हातकागद ओला करून छापलेला असेल, तर तंतूंत शाई पसरते आणि कडा फुगतात. नॅडल यांनी ही सगळी पडझड साच्यातच घातली. त्यामुळे कोरा करकरीत खिळाही जन्मतः झिजलेला निघतो, आणि पानावरच्या प्रत्येक ‘ई’ला नेमकी त्याच जागी तीच खोच असते.

नॅडल यांच्या नजरेचे मला मोल वाटते. जुन्या पुस्तकातून लोकांच्या मनात उरते ते अक्षरांचे प्रमाण नव्हे, कागदावर शाई कशी वागली ते, हे त्यांनी हेरले. तरीही झीज म्हणजे झालेल्या कामाची नोंद, आणि इथे तर काम झालेलेच नाही. नाटकाच्या पोस्टरवर ते खपते. तरुण नटाने केस पांढरे केले तर कोणी त्याचे वय विचारत नाही. इतिहासाच्या कागदपत्रांना मात्र हा टंक लावणे मला गैर वाटते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ साली जॉन डनलॅप यांनी फिलाडेल्फियात रातोरात छापला, तो खऱ्या कॅसलॉन टाइपात. तो मजकूर कॅसलॉन अँटिकमध्ये पुन्हा मांडला, तर त्या रात्रीच्या घाईच्या खुणा जातात आणि कधीच नसलेल्या झिजेच्या खुणा येतात.

इजिनो मारिनी यांचे काम मला अधिक पटते. जॉन फेल यांनी ऑक्सफर्डला ठेवलेल्या सतराव्या शतकातल्या टाइपांवरून त्यांनी संगणकासाठी फॉन्ट केले. त्यांतला खडबडीतपणा गोठलेलाच आहे, पण त्यामागे खरोखर छापली गेलेली अक्षरे आहेत.

कॅसलॉन अँटिक वापरायचाच असेल, तर मोठ्या आकारात, चार-दोन शब्दांपुरता वापरावा. आणि तेच अक्षर शेजारी-शेजारी आले, तर त्यातल्या एकाची कड हाताने बदलून घ्यावी.