आव्याची आच

आमच्या धाराशिव जिल्ह्यात वाशीपासून तुळजापूरपर्यंत कोणालाही विचारा, तेरची ही कथा त्याला ठाऊक असते. गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंनी काकांना विचारले, यातली पक्की मडकी कोणती आणि कच्ची कोणती? काकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या माथ्यावर मारून पाहिले. बाकीचे शांत बसले, नामदेव तेवढे चिडले. हे मडके कच्चे, असा निकाल काकांनी दिला. ज्यांच्याशी विठ्ठल बोलत असे, तेच नामदेव कच्चे ठरले, आणि अखेर औंढ्याला विसोबा खेचरांच्या पायाशी गेले.

ही कथा आपण बहुधा नामदेवांच्या अहंकारापाशी थांबवतो. मला ती आव्यापर्यंत, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीपर्यंत, न्यावीशी वाटते. कुंभार माती मळतो, चाकावर आकार देतो, थापटून मडके सारखे करतो. हे सगळे दुसऱ्याला आपल्यासाठी करता येते. पण आव्यातली आच ज्या त्या मडक्यालाच सोसावी लागते. घडण वारशाने मिळते, आच मिळत नाही. कुठल्याही पंथाच्या संस्थापकाचा वारसा काय, हा प्रश्न मला या एका वाक्यातून उलगडावासा वाटतो. उदाहरण घेतो ते प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथांचे, कारण त्यांची घडण आपल्या मुलखात कशी वाटली गेली, हे फार शिकवणारे आहे.

सुरुवात मार्टिन लूथरपासून करू. 31 ऑक्टोबर 1517 रोजी विटेनबर्गला त्याने पापक्षमेच्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध 95 कलमे मांडली, एवढे शाळेच्या पुस्तकात असते. त्याआधीची आच पुस्तकात नसते. हा माणूस मठात संन्यासी होता. उपास, जागरणे, पापांची कबुली, सारे करूनही देव आपल्याला स्वीकारील ही खात्री त्याला मिळेना. पौलाचे रोमकरांस पत्र वाचता वाचता त्याला उमगले, की देवाची कृपा कमावता येत नाही, ती विश्वासाने घ्यायची असते. 1521 मध्ये वर्म्सला सम्राटासमोर उभे राहून त्याने आपले लिखाण मागे घ्यायला नकार दिला, तो या उमजेच्या बळावर. पुढच्याच वर्षी त्याचा जर्मन नवा करार छापून निघाला. गीता मराठीत आणणाऱ्या ज्ञानदेवांच्या मुलखाला या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

याच 1522 मध्ये लूथरने अनुयायांना विनवले, की माझे नाव लावू नका, स्वतःला ख्रिस्ती म्हणा. तरी लूथरन पंथ झालाच. इंग्लंडात जॉन वेस्लीच्या अंतःकरणात 1738 मध्ये असाच विस्तव पेटला. तो 1791 मध्ये मरेपर्यंत अँग्लिकन चर्चचाच दीक्षित पाळक राहिला, आणि त्याच्या माणसांचा मेथडिस्ट पंथ त्याच्यामागे वेगळा झाला. जिनिव्हाच्या कॅल्विनला त्याच्या इच्छेप्रमाणे 1564 मध्ये खुणेच्या दगडावाचून पुरले. त्याचे थडगे कोणी पुजू शकले नाही, पण त्याच्या शिकवणीवर मोठी परंपरा उभी राहिली. या माणसांनी आपल्या जिवाला लागलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधले. उत्तर पुढे गेले, प्रश्न मागे राहिला, आणि प्रश्नावाचून उरलेल्या उत्तराची हळूहळू भिंत झाली.

मात्र भिंत म्हटली म्हणून तिच्यातल्या चिऱ्यांना क्षुल्लक मानू नये. पंथांतले फरक खरे आहेत. पहिला फरक कारभाराचा. अँग्लिकनांत बिशप असतो आणि अधिकार त्याच्याकडून खाली येतो. प्रेस्बिटेरियनांत मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक मिळून सभा चालवतात, लहान सभेवर मोठी सभा असते. काँग्रिगेशनल परंपरेत गावची मंडळी आपल्या घरची धनी असते. तिच्यावर माणसांत कोणी वरिष्ठ नाही. दुसरा फरक बाप्तिस्म्याचा. बाळाला बाप्तिस्मा द्यावा, कारण कृपा माणसाच्या समजुतीची वाट पाहत नाही, असे काही पंथ म्हणतात. कळत्या वयात स्वतः विश्वास धरणाऱ्यालाच पाण्यात बुडवून तो द्यावा, असे बॅप्टिस्ट म्हणतात. तिसरा फरक प्रभुभोजनाचा. भाकर आणि द्राक्षारस यांत ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो, की ती त्याची आठवण आहे? यावर 1529 मध्ये मारबर्गला लूथर आणि दुसरा सुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले. पंधरा कलमांपैकी चौदा जुळली. पंधराव्यातला हा एक मुद्दा जुळला नाही, आणि दोघे दोन वाटांनी गेले. प्रत्येक फरकामागे कोणाची तरी झोप उडालेली आहे. म्हणून त्यांची टर उडवणे म्हणजे त्या जागरणांचा अपमान आहे.

ही मडकी आपल्याकडे आली ती भाजून, तयार होऊन, जहाजाने. 1813 मध्ये अमेरिकन मराठी मिशनची माणसे मुंबईत उतरली. ती काँग्रिगेशनल. 1831 मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाण मांडले आणि पुढे ती सोलापूरकडे सरकली. नाशिकला अँग्लिकन चर्च मिशनरी सोसायटी, कोल्हापूरला अमेरिकन प्रेस्बिटेरियन. निजामाच्या मोगलाईतही अशीच वाटणी. जालन्याजवळ स्कॉटिश फ्री चर्चचे नारायण शेषाद्री यांनी बेथेल हे गाव वसवले, औरंगाबादेत अँग्लिकन, बीदरकडे अमेरिकन मेथडिस्ट. एकाच्या क्षेत्रात दुसऱ्याने शिरू नये, असा मिशनांचा आपसांत रिवाज होता. भांडणे टाळायला तो चांगलाच होता. पण त्याचा परिणाम पाहा. बार्शीकडे इंग्रजी अंमल, वाशीकडे मोगलाई. या सरहद्दीच्या अलीकडे-पलीकडे जन्मलेल्या दोन मावसभावांचे पंथ वेगळे व्हायचे ते मारबर्गच्या मुद्द्यावरून नव्हे. कोणता पाळक कोणत्या रस्त्याने आला, यावरून ते ठरायचे. ज्या प्रश्नाने युरोप पेटला तो त्यांनी कधी ऐकलाही नसेल. त्यांचा पंथ तालुक्याने ठरवला.

दूरच्या भांडणाची झळ कशी लागते, याचा दाखला 1843 चा आहे. गावचा पाळक जमीनदाराने नेमायचा की मंडळीने निवडायचा, यावरून स्कॉटलंडचे चर्च दुभंगले. मुंबईत स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन आणि त्यांचे सहकारी वेगळ्या झालेल्या फ्री चर्चकडे गेले. आपण उभारलेली शाळेची इमारत त्यांना जुन्या चर्चकडे सोपवावी लागली आणि नव्याने सुरुवात करावी लागली. तीच संस्था पुढे विल्सन कॉलेज झाली. मुंबईच्या मराठी विद्यार्थ्याचा स्कॉटलंडच्या जमीनदाराशी काडीचा संबंध नव्हता, तरी त्याची शाळा दुभंगली. स्कॉटलंडात हे दुखणे 1929 च्या एकीकरणात बव्हंशी मिटले.

मग मराठी ख्रिस्ती माणसांनी स्वतःची आच सोसलीच नाही का? सोसली, आणि जिथे सोसली तिथे तयार मडकी अपुरी पडली. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात अँग्लिकन मठात राहत असताना झाला. लगेच त्यांचे प्रश्न सुरू झाले आणि मठातल्या गुरुभगिनींशी पत्रांतून वाद झडले. एका देवाचे नाव घेणारे एवढे पंथ पाहून त्या गोंधळल्या, आणि आपण ख्रिस्ताच्या चर्चच्या आहोत, कोण्या एका पंथाच्या शिक्क्याच्या नाही, असे त्यांनी ठामपणे सांगितले. केडगावचे मुक्ती मिशन त्यांनी एका पंथाच्या दावणीला बांधले नाही. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्यात त्यांनी शेवटची वर्षे घालवली. बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा 1854 मध्ये बेळगावला लंडन मिशनकडून झाला आणि पाळकपण त्यांनी पुण्याला फ्री चर्चमध्ये केले. रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, अमेरिकन मिशनचे पाळक झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी देवाचा दरबार मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही बसू शकत. त्यांची भजने मात्र सगळ्या पंथांच्या मंडळ्यांत गायिली जातात. गळ्यातून निघालेल्या सुराला कोणी पंथ विचारला नाही.

आणि खरी आच याहून खाली, गावकुसाबाहेर होती. मराठी मुलखातली बहुसंख्य मंडळी महार-मांग वस्त्यांतून आली. त्यांच्यापुढचा प्रश्न भाकरीत ख्रिस्त कसा उपस्थित असतो हा नव्हता. प्रभुभोजनाच्या त्याच प्याल्याला आपल्यानंतर कोण ओठ लावील, हा होता. अहमदनगरच्या मंडळीत महार समाजातली माणसे आधीपासून होती. 1839 मध्ये ब्राह्मण घरातले हरिपंत खिस्ती तिथे आले, तेव्हा तो प्याला एकच राहिला का, हीच मारबर्गहून मोठी कसोटी होती. प्रभुभोजनाचा हा आपला प्रश्न युरोपच्या कोणत्याही संस्थापकाने सोडवून ठेवला नव्हता. तो इथेच, आपल्या आव्यात भाजायचा होता, आणि तो पुरता भाजला गेला असे कोणी प्रामाणिक माणूस म्हणणार नाही. पंथांच्या भिंती ओलांडून लग्ने जुळली, जातीच्या भिंती मात्र पुष्कळ ठिकाणी चर्चच्या दारातून आत आल्या.

भिंती पाडायचे मोठे काम 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात झाले. अँग्लिकन; काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन यांचे आधीच एक झालेले चर्च; बॅप्टिस्ट, ब्रदरेन, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स, अशी सहा चर्चे मिळून उत्तर भारतीय चर्च झाले. बिशप ठेवला, वडिलांच्या सभा ठेवल्या, मंडळीचा आवाजही ठेवला. बाळाचा बाप्तिस्मा आणि कळत्या वयातला बाप्तिस्मा, दोन्ही मान्य केले. कोणाला कच्चे ठरवून कोणी एकीत आले नाही, सगळ्यांनी एकमेकांवर हात ठेवले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले, आणि मालमत्तेचे दावे पुढे कितीतरी वर्षे चालले. गुजरातच्या ब्रदरेन मंडळ्यांचा वाद 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. इमारतींचा वारसा असा सांभाळला जातो, भांडून.

तर मग संस्थापकाचा वारसा कोणता? लूथरचे सगळेच घ्यावे असे नाही. 1525 मध्ये बंड करणाऱ्या शेतकऱ्यांवर त्याने कठोर शब्द टाकले, 1543 मध्ये यहुद्यांविरुद्ध जे लिहिले ते विषारी होते, आणि लूथरन चर्चांनीच पुढे ते जाहीरपणे नाकारले. संस्थापकातही एक कच्चा भाग असतो. त्याचे उत्तर जसेच्या तसे जपणारा त्या कच्चेपणासह जपतो. त्याचा प्रश्न आपल्या अंगावर घेणारा मात्र त्याच्या पलीकडे जाऊ शकतो, जसे नामदेव तेरहून औंढ्याला गेले.

वारकऱ्यांतही फड वेगळे, दिंड्या वेगळ्या, आपापल्या फडाची शिस्त वेगळी, आणि चंद्रभागा एक. म्हणून आपल्या मुलखाला वेगळेपण नवे नाही. वाशीकडून कामासाठी पुण्याला गेलेला ख्रिस्ती मुलगा रविवारी नव्या मंडळीत पाऊल टाकतो, तेव्हा त्याला पहिला प्रश्न येतो, कुठल्या चर्चचे तुम्ही? त्याने आपले चर्च अभिमानाने सांगावे. ती घडण आई-बापांनी दिलेली आहे. पण सांगणाऱ्याने आणि विचारणाऱ्यानेही त्या प्याल्याची आठवण ठेवावी आणि स्वतःला दुसरा प्रश्न विचारावा: माझ्या पंगतीला कोण बसतो, आणि कोणाच्या उष्ट्या प्याल्याला ओठ लावताना माझा हात अजून थबकतो? गोरोबाकाकांचे थापटणे नेमके तिथे पडते. मडके पक्के असेल, तर ते तेव्हा चिडणार नाही.