नियमावली, प्रारूप आणि शर्यतीची गाडी

टूरिंग कार शर्यतीत धावणारी गाडी बाजारात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाडीवर बेतलेली असते. तिचा मूळ सांगाडा आणि बाह्यरूप ओळखू येईल इतके कायम ठेवावे लागते आणि बाकी काय, किती बदलता येईल हे नियमावली ठरवते. म्हणून या क्षेत्रातील अभियंत्याची पहिली कसोटी नियम बारकाईने वाचण्याची असते. कॅमशाफ्ट सॉफ्टवेअर या कंपनीच्या ‘ऑटोमेशन’ या संगणकीय खेळात हेच काम हौशी माणसाला करता येते: इंजिनाच्या ब्लॉकपासून गियरच्या प्रमाणांपर्यंत सारी गाडी खेळाडू रचतो आणि ती ‘बीमएनजी ड्राइव्ह’ या दुसऱ्या खेळात नेऊन चालवताही येते. असे खेळाडू एखाद्या काळाची नियमावली ठरवून आपापसांत स्पर्धा भरवतात, तेव्हा अभियांत्रिकीतील निवड कशी घडते हे फार स्वच्छ दिसते. मात्र तेथे दोन नियमावल्या एकाच वेळी लागू असतात, एक आयोजकाने लिहिलेली आणि दुसरी खेळाच्या गणिती प्रारूपात दडलेली, आणि या दोहोंतील फरक ओळखणे हाच या छंदातील खरा विवेक आहे.

ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत १९९० च्या दशकात रुजलेल्या ‘सुपर टूरिंग’ नियमांचे उदाहरण घेता येईल. इंजिन दोन लिटरचे, टर्बोने हवा न कोंबता स्वतःच्या ओढीने हवा घेणारे, आणि मिनिटाला ८५०० फेऱ्यांच्या आत फिरणारे असावे, ही त्यांची मुख्य अट होती. शक्ती म्हणजे टॉर्क आणि फेऱ्या यांचा गुणाकार. आकार आणि फेऱ्या दोन्ही बांधल्या गेल्यावर प्रत्येक सिलिंडर किती भरतो आणि घर्षणात किती वाया जाते, एवढेच अभियंत्याच्या हाती उरते. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची एका दिशेची धाव. ही दोन्ही मापे ८६ मिलिमीटर ठेवली तर चार सिलिंडरांची क्षमता १९९८ घनसेंटिमीटर भरते आणि ८५०० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २४.४ मीटर होतो. बोअर ९० आणि स्ट्रोक ७८.५ मिलिमीटर केला तर क्षमता जवळपास तेवढीच राहते, वेग २२.२ मीटरवर उतरतो, कनेक्टिंग रॉडवरचा ताण घटतो आणि रुंद सिलिंडरात मोठे व्हॉल्व्ह बसतात. पण ज्वलनकक्ष पसरट होतो, ज्वाळेला अधिक अंतर कापावे लागते आणि इंजिनाची लांबी वाढल्यामुळे पुढच्या चाकांच्या मध्ये ते आडवे बसवणे अवघड जाते. फेऱ्यांवर मर्यादा नसती तर आखूड स्ट्रोकचा फायदा वाढतच गेला असता. मर्यादा आहे म्हणून तो एका जागी थांबतो आणि त्यापुढे जागा, वजन व उष्णता यांचा विचार वरचढ ठरतो. एका ओळीच्या नियमाने संपूर्ण इंजिनाचा आकार बदलतो, तो असा.

व्हॉल्व्हची उघडझाप करणाऱ्या कॅमशाफ्टच्या बाबतीतही तेच. व्हॉल्व्ह अधिक काळ उघडे ठेवणारा कॅम वरच्या फेऱ्यांना शक्ती देतो आणि खालच्या फेऱ्यांना ती काढून घेतो. खेळात हे एका सरकपट्टीवर येते, त्यामुळे नवखा खेळाडू कमाल शक्तीच्या आकड्यामागे लागतो. परंतु पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत संथ वळणातून बाहेर पडताना पुढच्या चाकांनाच गाडी वळवायची आणि ओढायचीही असते, आणि तेथे वेळ मिळतो तो शक्ती सावकाश, सलगपणे वाढवणाऱ्या इंजिनाला.

नियमातील फटी शोधणे हा गुन्हा नव्हे. १९९४ मध्ये अल्फा रोमिओने १५५ या गाडीची एक मर्यादित आवृत्ती विकली, जिच्या वायुगतिकीय पट्ट्यांचे जादा भाग डिकीत ठेवून दिलेले होते. शर्यतीच्या गाडीवर ते बसवलेले दिसताच प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार केली, अल्फाच्या संघाने ऊल्टन पार्कच्या शर्यतीतून माघार घेतली, पण वाद मिटल्यावर परतलेल्या गॅब्रिएले टार्क्विनीने त्या वर्षीचे ब्रिटिश अजिंक्यपद मिळवलेच. पुढच्या वर्षी अशी साधने सर्वांनाच खुली झाली. या प्रकरणात शब्दांचा फायदा घेतला गेला, तरी हवेला कोणी फसवले नव्हते. त्या पट्ट्या गाडीला खरोखरच रस्त्यावर दाबत होत्या. संगणकीय खेळात आणखी एक शक्यता निर्माण होते. एखाद्या गुणाची किंमत प्रारूपात कमी लावली गेली असेल तर तो गुण जवळजवळ फुकट मिळतो आणि सर्व खेळाडू त्याच एका जागी गर्दी करतात. हे कौशल्य आकडेमोडीचे खरे, परंतु त्याने गाडीविषयी काहीच कळत नाही. म्हणूनच भागांची गुणवत्ता वाढवणाऱ्या सरकपट्टीवर कमाल मर्यादा घालणारा आयोजक स्पर्धेचा विषय जपत असतो.

तरीही एका बाबतीत हा खेळ वास्तवाच्या पुढे आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. सुपर टूरिंगचा ब्रिटनमधील अंत २००० च्या हंगामानंतर झाला तो मुख्यतः खर्चामुळे: विल्यम्ससारखा फॉर्म्युला वनचा संघ रेनॉच्या गाड्या बांधू लागला, एकेक सहस्रांश सेकंदासाठी पैसा ओतला जाऊ लागला, आणि एकामागून एक उत्पादक बाहेर पडले. आकार, फेऱ्या, वजन ही मापे तराजूवर किंवा यंत्रावर तपासता येतात. कारखान्यात किती तास, किती पैसा गेला हे तपासनीसाला बोनेट उघडून दिसत नाही. ‘ऑटोमेशन’मध्ये साहित्याचा खर्च आणि अभियांत्रिकीचा वेळ हे आकडे प्रत्येक गाडीसोबत उघड असतात, त्यामुळे शक्तीवर कोणतेही बंधन न घालता केवळ खर्चावर मर्यादा घालून स्पर्धा घेता येते. अशा स्पर्धेत प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह घ्यायचे की त्याच पैशात चांगले ब्रेक आणि हलके सस्पेंशन, हे प्रत्येकाला स्वतः ठरवावे लागते, आणि रांगेत उभ्या राहिलेल्या गाड्या एकमेकींसारख्या नसतात.