आठवण आणि न्याय

जें आपण एकदां ऐकलें तें पुन्हां कधींही ऐकावयास मिळणार नाहीं, अशी खात्री झाली म्हणजे त्या ऐकण्याचें मोल एकाएकीं वाढतें. मनाचा हा धर्म इतका सार्वत्रिक आहे कीं, त्याविषयीं तक्रार करण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्याच्या पोटीं एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो आम्हांस केवळ रसिकतेचा न वाटतां नीतीचा वाटतो. कलावंताची आठवण काढतांना आपण कोणाचें कांहीं देणें लागतों काय? गेलेल्याचें लागतों, हें सर्वच मान्य करतील. पण जो मागें राहिला, त्याच व्यासपीठावर उभा राहून वाजवीत राहिला, त्याचें काय?

प्रश्न हवेंत राहूं नये म्हणून आम्ही एक दूरदेशचें उदाहरण घेतों. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागांत १९६९ सालीं ‘ऑलमन ब्रदर्स बँड’ नांवाचा एक वादकसंघ उभा राहिला. त्याचा जन्म फ्लोरिडांतील जॅक्सनव्हिलचा, आणि बिऱ्हाड जॉर्जियांतील मेकन शहरीं. ड्वेन ऑलमन आणि डिकी बेट्स हे दोघे गिटार वाजवीत. ड्वेनचा धाकटा भाऊ ग्रेग गाई व ऑर्गन वाजवी. बेरी ओकली बेस-गिटारवर असे. आणि बुच ट्रक्स व जेमो या दोघांकडे ड्रम असत. जेमो कृष्णवर्णी व बाकीचे पांच गौरवर्णी होते. त्या काळच्या दक्षिणेंत एकाच व्यासपीठावर असा मेळ बसणें ही साधी गोष्ट नव्हती. पुढें ज्या संगीतास ‘सदर्न रॉक’ असें नांव पडलें, त्याच्या मूळपुरुषांत या मंडळींची गणना होते.

या संघाचें खरें सामर्थ्य ध्वनिमुद्रणगृहापेक्षां जलशांत प्रकट होई. पांच मिनिटांचें गीत तेथें वीस-वीस मिनिटें चाले. ड्वेन औषधाची एक रिकामी कांचेची बाटली बोटावर चढवून ती तारांवरून फिरवी, आणि स्वर एकापासून दुसऱ्यापर्यंत न तुटतां घसरत जाई. बेट्सचे स्वर निराळे, गोलाईदार व गेय. दोघे कधीं जोडीनें एकच सुरावट वेगवेगळ्या स्वरांवरून वाजवीत, तर कधीं एकमेकांस मोकळें रान देत. १२ व १३ मार्च १९७१ या दिवशीं न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट नाट्यगृहांत झालेल्या त्यांच्या जलशांचें ध्वनिमुद्रण त्याच वर्षींच्या जुलैंत प्रसिद्ध झालें, आणि जलशाचें ध्वनिमुद्रण कसें असावें याचा तो वस्तुपाठच ठरला. त्यानंतर चार महिनेही पुरते स्वस्थ गेले असें म्हणतां येत नाहीं. २९ ऑक्टोबर १९७१ रोजीं मेकन शहरांत मोटारसायकलच्या अपघातांत ड्वेन गेला. त्याचें वय चोवीस होतें. पुढील वर्षाच्या नोव्हेंबरांत त्याच शहरीं, तशाच अपघातांत, त्याच वयाचा बेरी ओकलीही गेला.

येथून आठवणींचा इतिहास सुरू होतो. हा संघ पुढें २०१४ पर्यंत, मध्यंतरीं दोनदां मोडून व पुन्हां उभा राहून, वाजवीत राहिला. त्याचे चाहते एकत्र जमले म्हणजे कोणी कोणता जलसा ऐकला, कोणत्या रात्रीं कोणता गिटारवादक रंगांत आला होता, यांच्या गोष्टी निघतात. त्या गोष्टींत एक वाक्य असें आहे कीं, तें उच्चारलें म्हणजे बाकीचे गप्प होतात. तें वाक्य म्हणजे, “आम्हीं ड्वेनला ऐकलें आहे.” फिलमोर ईस्टमध्यें अडीच हजारांहून थोड्याच अधिक लोकांची सोय होती, आणि तें नाट्यगृह १९७१ च्या जूनमध्येंच बंद झालें. हें वाक्य खरेपणानें उच्चारूं शकणारे लोक त्यामुळें मुळांतच थोडे, आणि दरवर्षीं अधिकच थोडे होत चाललेले. दुर्मिळ झालेली आठवण हळूहळू सनदेचें रूप घेते, आणि आठवणारा रसिक नकळत वतनदार होतो. मग मागाहून आलेल्याचें ऐकणें हें दुय्यम, आणि मागाहून आलेल्याचें वाजविणें हेंही दुय्यम ठरतें.

यांत ज्याचें सर्वांत अधिक नुकसान झालें तो आमच्या मतें डिकी बेट्स. ड्वेनच्या मृत्यूनंतर संघानें त्याच्या जागीं दुसरा गिटारवादक घेतला नाहीं. दोघांचें ओझें एकट्या बेट्सनें उचललें; ड्वेनच्या हातचीं तीं घसरत्या स्वरांचीं कामेंही त्यानेंच अंगावर घेतलीं. संघाचें सर्वांत अधिक लोकप्रिय झालेलें ‘रॅम्ब्लिन मॅन’ हें १९७३ चें गीत त्याचें. ज्या ध्वनिमुद्रिकेवरून ड्वेनची पूजा होते तींतील ‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’ ही वाद्यरचनाही त्याचीच. तिचें नांव त्यानें मेकनच्या रोझ हिल स्मशानभूमींतील एका शिलेवरून घेतलें होतें. पुढें ड्वेन, ओकली आणि ग्रेग यांना त्याच भूमींत विसावा मिळाला. आपल्या मुलाचें नांवही बेट्सनें ड्वेन असेंच ठेविलें. दुसऱ्याच्या कुलनामाखालीं हा माणूस तीस वर्षें वाजवीत होता. २००० सालीं सहकाऱ्यांनीं त्याला दूर केलें. त्या कलहाचा निवाडा करण्याचें येथें प्रयोजन नाहीं. १८ एप्रिल २०२४ रोजीं, ऐंशीव्या वर्षीं, तो वारला, तेव्हां मात्र त्याच्या स्तुतीला भरतें आलें.

असें कां व्हावें? जो चोविसाव्या वर्षीं गेला त्याची एकही वाईट संध्याकाळ पुढें येणार नसते. त्याचा हात जड होणार नाहीं, त्याचा आवाज बसणार नाहीं, तो रागावून निघून जाणार नाहीं. जो जगला त्याला हें सर्व चारचौघांच्या देखत भोगावें लागतें. मृताशीं जिवंताची तुलना करणें म्हणजे पुऱ्या झालेल्या हिशेबाशीं चालू खात्याची तुलना करणें होय; तींत जिवंताची हार ठरलेलीच.

याहून खोल असा दुसरा घोटाळा आहे. “त्याच्यासारखें कोणीं वाजविलें नाहीं,” आणि “त्या रात्रीसारखा मी कधीं हरखलों नाहीं,” हीं दोन वाक्यें निराळीं आहेत. पहिलें वादकाविषयीं आहे, दुसरें ऐकणाऱ्याविषयीं. दुसरें बहुधा शंभर हिश्शांनीं खरें असतें. ऐकणारा विशीचा होता, सोबत जिवाचे मित्र होते, घरची जबाबदारी नव्हती. अशा रात्रीं मध्यम वादनही अमृत वाटतें, आणि येथें तर वादन उत्तम होतें. परंतु आठवण सांगतांना माणूस दुसरें वाक्य मनांत ठेवून पहिलें तोंडानें बोलतो. आपलें गेलेलें तारुण्य तो वादकाच्या हातांत शोधतो, आणि तें सांपडलें नाहीं म्हणजे नव्या वादकास दोष देतो.

या संघानें आपल्या चाहत्यांस जलशांचें ध्वनिमुद्रण करून घेण्याची व त्यांची आपसांत देवघेव करण्याची मुभा दिली होती. त्यामुळें आठवणीची साक्ष तपासून पाहण्याचें साधन येथें हाताशीं आहे. त्या फितींत थोर रात्री आहेत तशा साधारणही आहेत. यावरून आठवण खोटी ठरत नाहीं. ती कशाविषयीं बोलते आहे एवढेंच ठरतें. तो आनंद साठविणें फितीला साधत नाहीं, आणि स्वरांचा हिशेब राखणें आठवणीला साधत नाहीं.

शिवाय, ज्याला आपण पहिला म्हणतों तो तरी पहिला होता काय? फिलमोर ईस्टच्या त्या ध्वनिमुद्रिकेचा आरंभ ‘स्टेट्सबरो ब्लूज’ या गीतानें होतो. जॉर्जियाच्या ब्लाइंड विली मॅकटेल या अंध कृष्णवर्णी गायकानें तें १९२८ सालीं ध्वनिमुद्रित केलें होतें. ज्या वादनास रसिक मूळ मानतात तेंही एक स्मरणच होतें. फरक इतकाच कीं, तें स्मरण उगाळीत न बसतां त्यांतून नवें गाणें निघालें.

हा धागा पुढेंही तुटला नाहीं. १९८९ सालीं वॉरेन हेन्स आणि १९९९ सालीं, विशीच्या उंबरठ्यावर असलेला, बुच ट्रक्सचा पुतण्या डेरेक ट्रक्स या संघांत आले. डेरेकच्या वादनांत अली अकबर खाँ यांच्या सरोदाचा संस्कार आहे, हें आमच्या वाचकांस कौतुकाचें वाटेल. सरोदाला पडदे नसतात. त्यामुळें बोट तारेवरून अखंड मींड घेऊं शकतें, आणि कांचेच्या नळीनेंही तेंच साधतें. ड्वेनची नक्कल करून डेरेकनें त्याचें ऋण फेडलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या वाटेनें ड्वेन चालला ती वाट त्यानें आणखी दूर नेली, हीच खरी फेड. संघाचा अखेरचा जलसा न्यूयॉर्कच्या बीकन नाट्यगृहांत २८ ऑक्टोबर २०१४ रोजीं झाला, आणि तो मध्यरात्र ओलांडून ड्वेनच्या पुण्यतिथींत शिरला. ज्यांनीं ड्वेनला कधीं पाहिलें नव्हतें अशांच्या हातून त्या रात्रीं त्याचें स्मरण झालें.

यावर कोणी म्हणेल, प्रेमाला न्यायाची तराजू कशाला? ज्याला जो आवडला तो आवडला. घरांत, मनाशीं, हें म्हणणें अगदीं रास्त आहे. पण आठवण मुलांसमोर, नव्या ऐकणारांसमोर सांगितली कीं, ती खाजगी राहत नाहीं. “तुम्हीं काय ऐकलें?” असें म्हणणारा ज्येष्ठ त्या मुलाचा उद्यांचा आनंद आजच हिरावून घेतो, आणि व्यासपीठावर उभ्या असलेल्या वादकाला न ऐकतांच निकाल देतो. “मी एक थोर रात्र अनुभवली, तुझीही येवो,” असें म्हणणारा त्याच आठवणीनें मुलाचे कान तयार करतो.

म्हणून आम्हांस वाटतें कीं, थोर वादन ऐकावयास मिळणें ही मालकी नव्हे, तें ऋण आहे. आणि ज्यानें दिलें तो हयात नसला म्हणजे तें ऋण, जो आज वाजवीत आहे त्याला कान देऊनच फेडतां येतें. बेट्सची स्तुति त्याच्या मृत्यूनंतर झाली. तींतील अर्धी जरी तो वाजवीत असतांना त्याच्या कानीं पडती, तरी ड्वेनच्या कीर्तींतून एक कणही कमी झाला नसता.