तळाची ओळ

गोंदिया, आमगाव, तिरोड्याकडची इंजिनिअरिंगची आणि बीसीएची मुलं नोकरीच्या अर्जासोबत आता स्वतःच्या वेबसाइटची लिंक पाठवू लागली आहेत. चांगली गोष्ट आहे. पुण्याला मुलाखतीला जायचं तर महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये रात्र काढावी लागते. लिंक क्षणात पोहोचते. खर्चही नाही. गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर खातं काढायचं, एचटीएमएलची एक फाइल चढवायची, ‘पेजेस’ची सोय चालू करायची, की पान जगाला दिसू लागतं. नाव, शिक्षण, दोन-तीन कामं, ईमेल एवढं पुरे. जन्मतारीख, घरचा पत्ता, वडिलांचा मोबाइल नंबर उघड्यावर टाकू नये. आणि गाव देवरी असेल तर नागपूर लिहायचं कारण नाही.

मला बोलायचं आहे ते या पानाच्या अगदी तळाशी असलेल्या ओळीबद्दल.

बहुतेक मुलं तयार टेम्प्लेट घेतात. त्यात गैर काहीच नाही. ‘एचटीएमएल फाइव्ह अप’ या साइटवर सुंदर टेम्प्लेट फुकट मिळतात. ती क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेय-परवान्याखाली असतात. म्हणजे वापरा, बदला, हवं तर त्यावर कमवा. फक्त करणाऱ्याचं नाव राहू द्या. ते नाव तळाशी बारीक अक्षरांत असतं. आपला फोटो लावून झाला की पुष्कळदा पहिली काट त्याच ओळीवर बसते. ओळ निवडली, डिलीट केली, सेव्ह केलं. ज्याने एक रुपया मागितला नाही, त्याचं नावही आपण ठेवत नाही. याला मी चोरीच म्हणेन.

मुळात हे सगळं जाळंच दानावर उभं आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र सर्वांना मोफत खुलं केलं. सालेकशातला मुलगा आज परवानगी न मागता पान उभं करतो, ते त्यामुळे.

दुसरं नाव पुसलं जातं ते सोबत्याचं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चौघांचा असतो. रात्र रात्र बसून कोड एखादीच लिहिते आणि चारही पानांवर ‘मी बनवलं’ असं झळकतं. धानाचा व्यापारी पोत्यात टोकदार नळी खुपसून मधला दाणा बाहेर काढतो, तशी गिटहबवरची नोंद आहे: कोणत्या खात्यावरून कोणती ओळ कधी आली, ते सहसा दिसतं. पण पकडलं जाण्याची भीती हे खरं बोलण्याचं फार लहान कारण झालं. तीही त्याच नोकरीसाठी अर्ज करत असते, हे मोठं कारण आहे. ‘आम्ही चौघे होतो, लॉगिनचं पान आणि चाचणी माझ्याकडे होती’ असं लिहिलं, तर तिचं काम तिच्याकडे राहतं आणि तुमचं तुमच्याकडे.

दाखवायला मोठं काम नसेल तर लहान दाखवा. आपल्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाची माहिती, त्याचे फोटो, त्यावर भिजणारी शेती, एवढं एका पानावर नीट मांडणं हेही काम आहे, आणि ते दुसऱ्या कुणाकडून उचलता येत नाही.

हे सगळं मुलांनाच सांगून मी थांबलो तर तो अन्याय होईल. नुकत्याच पास झालेल्या मुलांकडे दोन वर्षांचा अनुभव मागणाऱ्या जाहिराती मोठी माणसंच लिहितात. ‘एवढंच केलंस?’ हा प्रश्नही तीच विचारतात. ज्या मुलीने आपल्या पानावर इतर तिघांची नावं लिहिली, तिचा अर्ज बाजूला सारण्याआधी त्यांनी तिला फोन करून लॉगिनचं पान कसं केलं ते विचारावं, आणि तिचं उत्तर पूर्ण ऐकून घ्यावं.