चाळीस रुपयांचा रोगी

आमच्या परिचयाचा एक तेवीस वर्षांचा तरुण आहे. मुंबईच्या एका उपनगरांत शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानांत तो चार वर्षें नोकरीस होता. गेल्या दिवाळीनंतर त्यानें ती नोकरी सोडली आणि पशुवैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास आरंभिला. पुढें जलचरांचा, विशेषतः माशांचा, वैद्य व्हावें असा त्याचा मनोदय आहे. घरीं आई शिवणकाम करते, धाकटी बहीण शिकत आहे, आणि त्याच्या पगाराचा त्या घरास मोठा आधार होता. नोकरी सोडण्यापूर्वीं तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "काका, मी करतों आहें तें बरोबर आहे ना?" प्रश्न सरळ होता, उत्तर मात्र तितकें सरळ नाहीं असें आम्हांस तेव्हांही वाटलें आणि आतांही वाटतें. म्हणून तो वाचकांपुढें मांडीत आहों.

त्याची व आमची ओळख आमच्या एका अपराधांतून झाली, हें प्रथम सांगितलें पाहिजे. नातीच्या वाढदिवसास आम्हीं त्याच दुकानांतून काचेचा एक गोल गडू व चाळीस चाळीस रुपयांचे दोन सोनेरी मासे आणले. अकराव्या दिवशीं दोन्ही मासे पाण्यावर उताणे तरंगूं लागले. नातीचे डोळे पुसून आम्ही दुसरी जोडी आणावयास गेलों, तेव्हां गल्ल्यामागें हा तरुण उभा होता. "पाणी कोठलें घातलेंत?" एवढेंच त्यानें विचारलें, आणि मग जें सांगितलें तें ऐकून आमची मान खालीं गेली.

मासा ज्या पाण्यांत श्वास घेतो त्याच पाण्यांत मलविसर्जन करतो, आणि त्याच्या कल्ल्यांवाटे अमोनियाही त्याच पाण्यांत उतरतो. तळ्यांत किंवा नदींत कांहीं सूक्ष्म जंतु त्या विषाचें प्रथम नायट्राइटमध्यें व मग त्याहून पुष्कळ सौम्य अशा नायट्रेटमध्यें रूपांतर करतात. नव्या भांड्यांत या जंतूंची वस्ती बसावयास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. आमच्या गडूंत तिला ना जागा होती ना अवधि. त्यांतच पाणी गढूळ दिसतांच आम्हीं मोठ्या शुचिर्भूतपणें तें सर्व ओतून देऊन नळाचें ताजें पाणी भरलें. आमच्या आरोग्यासाठीं महानगरपालिका पाण्यांत जो क्लोरिन घालते, तोच माशांचे कल्ले जाळतो! स्वच्छतेची आमची आवडच त्या मुक्या जीवांच्या मुळावर आली. हें सर्व सांगून त्यानें दुसरी जोडी आम्हांस विकण्याचें नाकारलें. मालक त्या वेळीं दुकानांत नव्हता.

असा मनुष्य दुकान सोडून जातो, तेव्हां पहिली शंका येते ती ही कीं, यांत माशांचें काय हित झालें? गडू विकूं नये असें जाणणारा एकटा तोच होता. त्याच्या जागीं आलेला मुलगा मागेल त्याला गडू देतो. आम्हीं तें स्वतः पाहिलें आहे. आपल्या समाजांत सोडून जाणाऱ्याला मान फार लवकर मिळतो. त्याग करणाराचे हात स्वच्छ होतात खरे, परंतु ज्याच्या कळवळ्यानें त्याग केला तो पूर्वीं होता तेथेंच राहतो. केवळ "हा धंदा मलिन आहे" एवढ्या कारणास्तव हा तरुण निघाला असता, तर आम्हीं त्यास दुकानांतच राहावयास सांगितलें असतें.

पण त्याचें कारण निराळें होतें. दररोज पांचसहा माणसें आजारी माशाचें छायाचित्र मोबाईलवर दाखवून "याला काय झालें?" असें विचारीत. अंगावर पांढरे ठिपके असले तर तो एक परोपजीवी जंतु, हें त्यास ठाऊक होतें, व त्यावरचा उपायही ठाऊक होता. परंतु पोट फुगून खवले उभे राहिले असले, तर त्याचें मूळ जंतुसंसर्गांत असेल, मूत्रपिंडांत असेल, एखाद्या गांठींतही असेल. बाहेरून सर्व सारखेंच दिसतें. अशा वेळीं तो फळीवरची निळ्या औषधाची बाटली काढून देई, कारण फळीवर तीच असे. "काका, गल्ल्यावर उभें राहून 'मला माहीत नाहीं' असें म्हणतां येत नाहीं," तो म्हणाला. "तें म्हणतां यावें म्हणून शिकावयाचें आहे."

या उत्तरानें आमचें मत फिरलें. चरकसंहितेंत वैद्यांचे दोन वर्ग सांगितले आहेत: प्राण राखणारा तो प्राणाभिसर, आणि रोगाचा पक्ष घेऊन प्राण हरणारा तो रोगाभिसर. दुसऱ्या वर्गांतला माणूस नेहमीं दुष्टच असतो असें नाहीं. पुष्कळदां तो भला, हंसतमुख व उत्तर देण्यास तत्पर असा असतो, आणि विचारणाराला तेवढेंच हवें असतें. अज्ञान हा दोष नव्हे. पण अज्ञानाचा पगार घेणें, आणि तोही दुसऱ्याच्या प्राणांवर, हा दोष आहे, आणि तो कितीही कनवाळूपणानें धुऊन निघत नाहीं.

आतां कोणी म्हणेल, चाळीस रुपयांच्या रोग्याला वैद्य कशाला? त्याच्या तपासणीच्या खर्चांत दहा नवे मासे येतील. हा हिशेब नवा नाहीं. आपल्याकडे घोड्यांसाठीं शालिहोत्राचें शास्त्र झालें, हत्तींसाठीं पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद झाला. कारण राजांना घोडे व हत्ती हवे होते. मासा मात्र १२ व्या शतकांत कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासांत येतो तो गळानें धरण्याची करमणूक म्हणून. २०१८ सालीं पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठीं केंद्र सरकारनें नियम केले. त्यांत कुत्रा, मांजर, ससा, पिंजऱ्यांतील पक्षी यांची गणना आहे, माशांची नाहीं. आणि माशास दुखतें तरी का? २००३ सालीं ब्रिटनमध्यें लिन स्नेडन व तिच्या सहकाऱ्यांनीं ट्राउट माशाच्या तोंडाभोंवतीं इजा ओळखणारे मज्जातंतु असल्याचें दाखविलें. ओठांत ॲसेटिक आम्ल टोचलेले मासे तळच्या खड्यांवर ओठ घासूं लागले, व कांहीं काळ त्यांनीं अन्न सोडलें. तें दुःख आपल्यासारखेंच असतें कीं काय, याविषयीं शास्त्रज्ञांत अद्याप मतभेद आहे. आम्हांस मात्र ओठ घासणारा मासा पुरेसा वाटतो. किंमत दुकानदार ठरवितो. दुखणें तो ठरवीत नाहीं.

वाट मात्र लांब आहे. रत्नागिरीस १९८१ पासून मत्स्यविद्येचें महाविद्यालय आहे, तेथील पदवी चार वर्षांची. पण त्या विद्येचा मुख्य विषय तळें; तेथें औषध द्यावयाचें तें साऱ्या तळ्याला, एका माशाला नव्हे. परळचें पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचें. तेथील शिक्षण साडेपांच वर्षांचें, आणि त्यांतील बहुतेक काळ गाय, म्हैस, कुत्रा, कोंबडी यांच्यासाठींच. ज्याला मासा पाहावयाचा आहे त्यानें आधीं म्हैस पाहावी, हें आम्हांस मुळींच वाईट वाटत नाहीं. परदेशांत आज ओल्या स्पंजावर मासा ठेवून, गुंगीच्या औषधाचें पाणी त्याच्या कल्ल्यांवरून सतत वाहतें ठेवून, शस्त्रक्रिया केली जाते. ती करणारे हातही प्रथम कुत्र्यामांजरांवरच शिकलेले असतात. उलट भीति आहे ती ही कीं, पदवी मिळाल्यावर लाखो रुपयांचे कोई मासे बाळगणाऱ्या धनिकांच्याच दारीं त्यास बोलावणें येईल, आणि चाळीस रुपयांचा रोगी पुन्हा निळ्या बाटलीकडेच जाईल.

हें सर्व बोलून झाल्यावर आम्हीं त्यास विचारलें, "आईला विचारलेंस?" तो गप्प झाला. आईचा विचार त्यानें पुष्कळ केला होता. तिला विचारलें नव्हतें. माशाच्या वेदनेविषयीं इतका जागरूक असलेल्या मुलानें हें करावें, याचें आम्हांस त्या दिवशीं फार वाईट वाटलें. दुसऱ्या दिवशीं त्यानें विचारलें. ती म्हणाली, "सात वर्षें सुईंत दोरा ओवतां येईल इतके डोळे राहतील का माझे, तेवढें सांग." यास त्याच्यापाशीं उत्तर नव्हतें, आमच्यापाशींही नव्हतें. अखेर मायलेकांनीं ठरविलें कीं, सायंकाळीं लोकांच्या घरच्या माशांच्या टाक्यांची देखभाल करून त्यानें निम्मा पगार तरी घरांत आणावा, आणि दोन परीक्षांत यश न आल्यास आईचें ऐकावें.

सध्यां अशीं सहा घरें त्याच्याकडे आहेत, एक आमचें. गडू जाऊन आतां मोठी टाकी आली आहे. मागल्या महिन्यांत त्यांतला एक सोनेरी मासा कुशीवर कलून पोहूं लागला. त्यानें बराच वेळ निरखून पाहिलें, तिसरा हिस्सा पाणी बदललें आणि म्हणाला, "याला काय झालें, मला माहीत नाहीं." नात रागावली. "मग दादा, तूं डॉक्टर कधीं होणार?"

"तूं सोळा वर्षांची होशील तेव्हां."

"तोंवर हा जगेल?"

"नीट ठेवला तर हे वीस वर्षेंही जगतात," तो म्हणाला, आणि ओले हात पुसून पुढच्या घरीं गेला.