गटारावरचा फूटपाथ

डोंबिवली, कल्याण काय किंवा ठाण्याचा जुना नौपाडा काय, आपल्याकडचा फूटपाथ बहुतेक ठिकाणी गटाराचं झाकण असतो. आधी पावसाच्या पाण्यासाठी गटार, त्यावर लाद्या, लाद्यांवर पेव्हर ब्लॉक. साहजिकच रुंदी गटाराएवढी आणि उंचीही गटार म्हणेल तेवढी. चालणारा या हिशेबात नसतोच.

इंडियन रोड्स काँग्रेसची 2012 ची मार्गदर्शिका वेगळं सांगते. चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी, दोन व्हीलचेअर शेजारून जातील एवढी. तीही विजेची डीपी, झाडाचा कट्टा, दुकानाची पाटी वगळून. आणि कडेची उंची 15 सेंटिमीटरच्या आत.

आमच्या शेजारच्या काकूंचे गुडघे गेलेत. त्यांच्याबरोबर भाजीला निघालं की हे आकडे पायांना कळतात. दर सोसायटीच्या गेटपाशी गाडी आत जावी म्हणून फूटपाथ तोडलेला. उतरताना काठी आधी, मग दुखरा पाय. चढताना चांगला पाय आधी आणि माझा खांदा घट्ट धरून. दोन-तीन गेटं झाली की म्हणतात, "जाऊ दे रे, रस्त्यानंच चल." मागून रिक्षावाला हॉर्न मारतो. लोकांना फूटपाथवर चालायची शिस्त नाही, असं म्हणणाऱ्यांनी ही चढउतार पिशवीसकट करून बघावी.

दोष नेहमी फेरीवाल्यांवर जातो. 2017 च्या एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलावरच्या चेंगराचेंगरीनंतर उच्च न्यायालयानं स्टेशनपासून 150 मीटरच्या आत त्यांना मनाई केली. कारवाईची गाडी येते, जाते, टोपल्या परत मांडल्या जातात. त्रास होतो, खोटं कशाला बोला. पण टोपली उचलता येते, काकूंना अडवणारी पायरी कायमची बांधलेली आहे.

डोंबिवलीच्या फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे मात्र काकूही मजेत फिरतात, कारण तेव्हा रस्ताच माणसांचा असतो. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चालण्याजोगा, अपंगांनाही वापरता येईल असा फूटपाथ हा घटनेच्या 21व्या कलमातला हक्क मानला. म्हणजे तो सणापुरता नाही.

सध्या आमच्या गल्लीत काँक्रीटचं काम निघालंय. पहिलं अर्थात गटार. फूटपाथ किती उंच येणार, असं मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, "पाण्याच्या उतारावर आहे, साहेब."