पहाटेचा जामीनदार

बँकेत बावीस वर्षं काढल्यावर एक गोष्ट कळते. कर्ज घेणारा नेहमी हसतमुख असतो आणि जामीनदार केविलवाणा. व्यायामाचंही तसंच. रात्री साडेदहाला, पोटात दोन पुरणपोळ्या असताना, ‘उद्यापासून साडेपाचला पंचवीस सूर्यनमस्कार!’ असा ठराव मी थाटात पास करतो. फेडायची वेळ येते पहाटेच्या माझ्यावर. त्या बिचाऱ्याची सही कुणी घेतलेलीच नसते. मग गजर बंद करून तो झोपला, तर त्याला अप्रामाणिक म्हणायचं का?

सॉक्रेटिसाचं मत असं, की चांगलं काय ते खरोखर कळलेला माणूस उलट वागतच नाही. सॉक्रेटिसाकडे गजराचं घड्याळ नव्हतं, एवढंच मी म्हणेन. ॲरिस्टॉटल त्यामानाने व्यवहारी. कळतं पण वळत नाही, अशांसाठी त्याने नीतिशास्त्राच्या सातव्या भागात बरीच जागा राखून ठेवली आहे.

आमचं बी.कॉम.चं डोकं मात्र हिशेबाकडे धावतं. पैसे भरले की झक मारत जाऊ, म्हणून मी जिमची वर्षाची फी एकरकमी भरली. अमेरिकेतल्या दोन अर्थतज्ज्ञांनी २००६ साली असल्याच लोकांचा हिशेब छापला होता. महिन्याची फी भरणारे महिन्यातून सरासरी सव्वाचार वेळा फिरकत, आणि दहा डॉलरात मिळणारी फेरी त्यांना सतरा डॉलरच्या वर पडे. माझा भागाकार सौ.ने केला. आकडा सांगत नाही.

जिममधला ट्रेनर पंचविशीचा. मला ‘काका’ म्हणतो. (हे फीमध्येच येतं.) त्याने विचारलं, “काका, सगळ्यात वाईट दिवशी किती कराल?”

“मार्चअखेरीला? शून्य.”

“शून्य नको. चहा उकळेपर्यंत खुर्चीवरून दहा उठाबशा.”

बावीस वर्षांत प्रथमच कुणीतरी जामीनदाराला विचारत होतं! तरी अपमान वाटलाच. म्हटलं, “अरे, जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे मिनिटं सांगते.”

“सांगू दे की. आधी दहा टिकू देत, मग वाढवू.”

टिकल्या. गेल्या मार्चअखेरीला सकाळ हुकली, म्हणून रात्री अकराला घरी येऊन खुर्ची ओढली. नऊ झाल्या. वहीत दहा लिहिल्या आणि आडवा झालो. झोप येईना. बँकेत एका रुपयाचा फरक निघाला तर आम्ही सगळे थांबतो. शेवटी उठलो, पलंगाच्या कडेवर बसलो आणि पुन्हा उभा राहिलो.

“काय झालं हो?” सौ. दचकून म्हणाली.

“काही नाही. टॅली झालं.”